हा पक्षी कोणता?

मार्गशीर्षातील सकाळ. पाणंदीच्या दोन्ही अंगांना ज्वारी उभी आहे आणि पानांवरचे दव अजून वाळलेले नाही. शाळेला निघालेल्या एका मुलाचे लक्ष बांधावरच्या बोरीकडे जाते. बोरीच्या अगदी शेंड्यावर एक इवलासा काळा पक्षी ताठ बसलेला आहे. क्षणार्धात तो जमिनीकडे झेपावतो, काहीतरी टिपतो आणि परत त्याच काटकीवर येऊन बसतो. झेप घेताना त्याच्या पंखांवर काहीतरी पांढरे लकाकते. ही चिमणी नव्हे, आणि कावळा तर नव्हेच. मग हा पक्षी कोणता?

संध्याकाळी तो मुलगा घरी विचारतो, "काळापांढरा लहानसा पक्षी कोणता?" आजोबा म्हणतात, "दयाळ असेल." शेजारचे काका म्हणतात, "छे, तो चिरक." धाकट्या बहिणीच्या मते ती मळकट चिमणीच होती. या तिघांपैकी कोणालाही हसण्याचे कारण नाही. मुलाने घरी आणले ते केवळ दोन रंग, आणि तेवढ्या सामग्रीवर याहून चांगले उत्तर देणे कोणालाही शक्य नव्हते. दयाळही काळापांढरा असतो, चिरकही काळापांढरा असतो, आणि शेताच्या बांधावर नेहमी दिसणारा कवड्या गप्पीदासही काळापांढराच असतो.

हे तिन्ही पक्षी महाराष्ट्रात जागोजागी आढळतात. त्यांना एकमेकांपासून वेगळे कसे ओळखावे हे पाहिले, म्हणजे कोणताही अनोळखी पक्षी कसा पाहावा याची पुष्कळशी कल्पना येते.

प्रथम आकारमान. दूरवरच्या पक्ष्याला फूटपट्टी लावता येत नाही. म्हणून ज्यांना आपण रोज पाहतो असे पक्षीच मापाला घ्यावेत. चिमणी, बुलबुल, साळुंकी, पारवा, कावळा आणि घार ही चढत्या क्रमाची मापे पक्षिनिरीक्षकांनी फार पूर्वीपासून वापरात ठेवली आहेत. दयाळ बुलबुलाएवढा, म्हणजे सुमारे २० सेंटिमीटर लांब असतो. चिरक चिमणीपेक्षा किंचित मोठा, सुमारे १६ सेंटिमीटर. गप्पीदास चिमणीहूनही लहान. त्याची लांबी सुमारे १३ सेंटिमीटर भरते. तरीही एकट्या आकारमानावर विसंबणे बरे नाही. थंडीने पिसे फुलवून बसलेला पक्षी दीडपट दिसतो, आणि जवळपास ओळखीचे काही नसेल तर दूरचा मोठा व जवळचा लहान यांत डोळा सहज फसतो.

मग पक्ष्याची ठेवण पाहावी. तो उभट बसतो की आडवा? शेपटी लांब की आखूड, खाली झुकलेली की वर उचललेली? चिरक जमिनीवर तुरुतुरु चालतो, मध्येच थांबतो आणि शेपटी इतकी उभी करतो की ती पाठीवर कलंडते की काय असे वाटावे. शेपटी वर झाली की तिच्या बुडाखालचा विटकरी तांबूस रंग दिसतो. ही चिरकाची खरी खूण होय. दयाळही शेपटी उचलतो. परंतु त्याचे पोट पांढरे स्वच्छ असते, पंखावर लांब पांढरी पट्टी असते आणि शेपटीच्या कडाही पांढऱ्या असतात. गप्पीदास मात्र झुडपाच्या किंवा ताटाच्या शेंड्यावर ताठ बसतो. त्याच्या पंखावर पांढरा डाग असतो, आणि तो उडाला की शेपटीच्या मुळाशी पाठीवरही पांढरे दिसते. छाती मात्र काळीच असते.

रंगाचा विचार येथे मुद्दाम मागाहून केला आहे. पाहणाऱ्याच्या मनात रंग आधी भरतो. फसवतोही तोच सर्वांत अधिक. सूर्य पक्ष्याच्या मागे असेल तर पोपटसुद्धा काळा दिसतो. शिवाय पुष्कळ पक्ष्यांत नर आणि मादी यांचे रंग निराळे असतात, पिल्लांचे आणखी निराळे असतात, आणि पिसे झडून नवी येताना रंगांचा मेळ काही दिवस बिघडतो. ठेवण मात्र सहसा बदलत नाही. ओळखीचा माणूस दुरून येत असला, तर त्याच्या सदऱ्याचा रंग दिसण्यापूर्वीच आपण त्याला चालीवरून ओळखतो. पक्ष्यांच्या बाबतीतही तसेच आहे.

चोच हे तर पक्ष्याचे अवजारच. लोहाराचा सांडस आणि सोनाराचा चिमटा पाहून त्यांचे उद्योग निराळे आहेत हे जसे कळते, तसेच चोचीवरून पक्ष्याचे अन्न कळते. चिमणी, सुगरण आणि मुनिया यांची चोच आखूड व जाड असते. ती दाणे फोडण्यासाठी. गप्पीदासाची बारीक चोच किडे टिपण्याच्या कामाची. शिंजिराची चोच लांब, बारीक आणि खाली वळलेली असते. फुलाच्या आत पोहोचून मध घ्यायला तशीच चोच हवी. खाटकाच्या चोचीचे टोक आकड्यासारखे असते. हा पक्षी टोळ, पाली आणि क्वचित लहानसा उंदीरही मारतो आणि कधीकधी भक्ष्य बाभळीच्या काट्याला टोचून ठेवतो. त्याचे नाव कोणी ठेवले असेल ते सांगता येत नाही. पण ज्याने ठेवले त्याने त्याचा हा उद्योग डोळ्यांनी पाहिला होता, यात शंका नाही.

खेड्यातील लोकांनी पक्ष्यांना दिलेली नावे या दृष्टीने फार मोलाची आहेत. 'टुक् टुक् टुक्' असा भांडी ठोकल्यासारखा एकसुरी आवाज काढणारा तो तांबट. पाने शिवून त्यांच्या द्रोणात घरटे करणारा तो शिंपी. पाणवठ्याकाठी शेपटी सतत खालीवर आपटणारा तो परीट किंवा धोबी. पावसाच्या तोंडावर 'पेर्ते व्हा' असे ओरडणारा तो पावशा. एकेक नाव म्हणजे एकेका पक्ष्याचे थोडक्यात केलेले वर्णनच आहे, आणि यांतले एकही नाव रंगावरून पडलेले नाही हे लक्षात घेण्याजोगे आहे. कोणी आवाज हेरला, कोणी सवय हेरली. आपल्या आजी-आजोबांना अशी आणखी किती नावे ठाऊक आहेत, हे विचारून पाहण्यात एखादी संध्याकाळ चांगली जाईल.

यानंतर स्थळ आणि काळ यांचा विचार. दयाळाला आमराई, बाग आणि दाट सावली आवडते. चिरक खडकाळ माळावर, गावकुसाच्या पडक्या भिंतींजवळ, कुंपणाच्या कडेला असतो. गप्पीदास उघड्या शेतातला आणि झुडपांच्या रानातला. ऋतूचीही मोठी मदत होते. कवड्या गप्पीदास आपल्याकडे बारा महिने राहतो. परंतु त्याचाच एक भाऊबंद, रानगप्पीदास, हिवाळ्यापुरता उत्तरेकडून येतो. त्याची छाती नारिंगी असते आणि मानेच्या बाजूला पांढरा ठिपका असतो. असा पक्षी भर मृगात महाराष्ट्रात दिसला असे कोणी म्हणाले, तर त्याने पुन्हा एकदा नीट पाहिलेले बरे.

आता बोरीच्या शेंड्यावरील त्या पक्ष्याचा निकाल लावता येईल. मुलाने नकळत तीन चांगल्या गोष्टी पाहिल्या होत्या. पक्षी शेंड्यावर ताठ बसला होता. जमिनीवर झेप घेऊन तो पुन्हा त्याच जागी आला. आणि उडताना त्याच्या पंखांवर पांढरे दिसले. दयाळ इतक्या उघड्यावर सहसा बसत नाही आणि मोठाही असतो. चिरक शेपटी उभी केल्याखेरीज राहिला नसता. तो कवड्या गप्पीदास होता. घरी प्रश्न विचारताना मुलाने या तिन्ही गोष्टी गाळल्या आणि रंग तेवढा सांगितला. म्हणून उत्तर चुकले.

कथा येथे संपत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच बांधावर त्याला आणखी एक पक्षी दिसतो. तो मातकट तपकिरी आहे, त्याच्या अंगावर पांढरे काहीच नाही, आणि शेपटीच्या मुळाशी फिकट तांबूस झाक आहे. हा नवा पक्षी कोणता? रंगाच्या मागे लागला तर मुलगा पुस्तकाची पाने उलटून थकेल. पण तोही झुडपाच्या टोकावर ताठ बसतो, तसाच खाली झेपावतो आणि तसाच परत येतो. शिवाय काळा पक्षी त्याच्यापासून फार दूर जात नाही. ती गप्पीदासाची मादी आहे. रंगाने ज्यांना दोन जाती ठरविले असते, त्यांना सवयीने एक जोडपे ठरविले.

हे सारे मनात ठेवण्यापेक्षा कागदावर ठेवावे. आठवण ही मोठी लबाड असते. पक्षी पाहिला आणि लगेच चित्रांचे पुस्तक उघडले, तर चित्रात जे आहे तेच आपण पाहिले होते असे मन सांगू लागते. दिसली नव्हती ती पट्टी दिसलेली वाटते आणि नसलेला तुरा डोक्यावर उगवतो. म्हणून आधी वही आणि मग पुस्तक, हा क्रम मोडू नये. नोंद अशी असावी: '१२ डिसेंबर, सकाळी साडेसात. ज्वारीच्या शेताचा बांध, बोरीचा शेंडा. चिमणीहून लहान. काळा, पंखावर पांढरा डाग, उडताना पाठीच्या शेवटीही पांढरे. चोच बारीक. ताठ बसतो. जमिनीवरून किडा टिपून त्याच काटकीवर परत. शेपटी उचलली नाही. पोट नीट दिसले नाही. आवाज ऐकला नाही.' या नोंदीतील शेवटची दोन वाक्ये विशेष चांगली आहेत. जे दिसले नाही ते दिसले नाही असे लिहिणे, हे पक्षिनिरीक्षणातले निम्मे शहाणपण होय. आजकाल आवाज ऐकून पक्ष्याचे नाव सुचविणारी सोय मोबाइलवरही मिळते. तिचा उपयोग अवश्य करावा; पण ती केवळ नाव सुचविते, पक्षी पाहण्याचे काम आपल्यालाच करावे लागते.

पूर्वी पक्षी ओळखण्याची रीत निराळी होती. पक्षी मारून हातात घ्यावा आणि मग तो कोणता ते ठरवावे, असा तो काळ होता. थोर पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांची सुरुवातही अशीच झाली. त्यांचा जन्म १८९६ साली मुंबईत झाला. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपल्यामुळे मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढविले. एके दिवशी छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. ती नेहमीच्या चिमणीसारखीच होती, पण तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे मामांना सांगता येईना. त्यांनी मुलाला चिठ्ठी देऊन मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठविले. १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे चिटणीस त्या वेळी मिलार्ड हे गृहस्थ होते. त्यांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितले, आणि तेवढ्यावर न थांबता कपाटाचे एकेक खण उघडून जपून ठेवलेले अनेक पक्षी त्या मुलाला दाखविले. एका डागाविषयी पडलेल्या प्रश्नाने त्याच्या आयुष्याची दिशा ठरली. पुढे १९३० साली अलिबागजवळच्या किहीम येथे त्यांनी सुगरणीच्या वसाहतीचे तासन् तास निरीक्षण करून त्या पक्ष्याच्या संसाराची पुष्कळ नवी माहिती मिळविली, आणि १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकाने भारतातील असंख्य लोकांना पक्षी ओळखायला शिकविले.

मिलार्ड यांच्या कपाटातील पक्ष्यांसारख्या प्रत्येक नमुन्याच्या पायाला एक चिठ्ठी बांधलेली असते. पक्षी कोठे मिळाला, कोणत्या तारखेला मिळाला, कोणी मिळविला, हे तिच्यावर लिहितात. आपल्या वहीतील नोंदीचेच ते लहान रूप. ही चिठ्ठी खोटी असेल तर काय होते, हे महाराष्ट्रातच सापडलेल्या एका लहान पक्ष्याच्या हकिगतीवरून कळते.

पिंगळा हा घुबडाच्या कुळातला लहानसा पक्षी सर्वांच्या परिचयाचा आहे. तिन्हीसांजेला वडाच्या ढोलीतून बाहेर येऊन तो चिरचिर कलकलाट करतो. त्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके असतात. १८७२ साली आजच्या छत्तीसगडच्या भागात पिंगळ्यासारखा, पण निराळा असा एक पक्षी मिळाला. १८७३ साली ॲलन ह्यूम यांनी त्याला शास्त्रीय नाव दिले. मराठीत त्याला रानपिंगळा म्हणतात. पुढे खानदेशात जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने त्याचे काही नमुने मिळविले. त्यांतला शेवटचा १८८४ सालचा. त्यानंतर हा पक्षी दिसेनासा झाला. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात मात्र रानपिंगळ्याचा आणखी एक नमुना होता, आणि तो १९१४ साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवीजवळ मिळाल्याचे त्याच्या चिठ्ठीवर लिहिले होते. त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून शोध घेणारे भलत्याच जागा धुंडाळत राहिले. पक्षी कोठेच मिळेना. तो पृथ्वीवरून नाहीसा झाला असावा, असे अनेकांना वाटू लागले.

पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ बाईंना त्या चिठ्ठीचा संशय आला. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील संग्रहालयातील नमुने समोरासमोर ठेवून बारकाईने तपासले; क्ष-किरणांचीही मदत घेतली. तेव्हा उघड झाले की, १९१४ सालचा म्हणविला जाणारा तो पक्षी वस्तुतः डेव्हिडसन यांनीच कितीतरी आधी मिळविलेला होता. तो संग्रहालयातून चोरून, पुन्हा नव्याने भरून, त्याच्या पायाला खोटी चिठ्ठी बांधलेली होती. ती चिठ्ठी बाजूला सारल्यावर उरल्या त्या जुन्या, खऱ्या नोंदी. आणि त्या नोंदी खानदेशाकडे बोट दाखवीत होत्या.

१९९७ सालच्या नोव्हेंबर महिन्यात रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे त्या जुन्या ठिकाणांचा शोध घेत सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याजवळच्या रानात आले. हा भाग तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. आज तो नंदुरबार जिल्ह्यात आहे. २५ नोव्हेंबरला सकाळी त्यांना झाडावर एक लहान घुबड बसलेले दिसले. कोणालाही तो साधा पिंगळा वाटला असता. परंतु संग्रहालयात पाहिलेल्या खुणा त्यांच्या मनात पक्क्या होत्या. या पक्ष्याच्या माथ्यावर ठिपके जवळजवळ नव्हतेच. पाठही बहुतेक कोरी होती. पंख आणि शेपटीवर रुंद पट्टे होते, पोटाचा खालचा भाग पांढरा होता आणि पाय भरदार, पिसांनी झाकलेले होते. शिवाय दिवस चांगला वर आला असताना तो उघड्यावर बसला होता. तो रानपिंगळा होता, आणि ११३ वर्षांनी तो माणसांना दिसत होता. त्यांनी त्याची छायाचित्रे घेतली, चलत्‌चित्र घेतले. बंदुकीची गरज पडली नाही. कायद्यानेही आता तिला मनाई आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे वन्य पक्षी मारणे किंवा पकडणे हा गुन्हा आहे.

एवढी वर्षे रानपिंगळा नाहीसा झालेला नव्हता. तो सातपुड्याच्या रानात पिढ्यान्‌पिढ्या अंडी घालीत होता, पिल्ले वाढवीत होता. ज्यांनी त्याला पाहिले असेल, त्यांनी त्याला पिंगळाच समजून पुढची वाट धरली असेल. १९९७ नंतर मात्र तो तोरणमाळच्या रानात सापडला, मेळघाटात सापडला, आणि २०१४ साली तर मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसा अभयारण्यातही आढळला. तरीसुद्धा त्याची संख्या थोडी आहे. सागाची आणि मोठ्या ढोलीच्या झाडांची तोड झाली की त्याचे घर जाते. म्हणून त्याची गणना संकटग्रस्त पक्ष्यांत होते. तो कोठकोठे आहे हे नक्की कळले, तरच तेथले रान राखता येईल. सातपुड्याच्या किंवा सह्याद्रीच्या एखाद्या गावात शाळेच्या वाटेवर, उजाडल्यानंतर, वाळक्या फांदीवर पिंगळा बसलेला दिसला, तर पुढे जाण्यापूर्वी क्षणभर थांबून त्याच्या माथ्यावर ठिपके आहेत की नाहीत, एवढे पाहून घ्यावे.